दुसऱ्याचे बोलणे आपल्या तोंडून



आजचा विषय व्याकरणाचा आहे, पण नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. इंग्रजीच्या तासाला ज्याला ‘डायरेक्ट अँड इनडायरेक्ट स्पीच’ म्हणतात आणि मराठीत ज्याला आपण प्रत्यक्ष कथन व अप्रत्यक्ष कथन म्हणतो, त्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. परीक्षेत या प्रकरणावर प्रश्न येतो, मुले नियम पाठ करतात, आणि परीक्षा झाली की विसरतात. वास्तविक ही गोष्ट परीक्षेपुरती नाही. दुसऱ्याचे बोलणे तिसऱ्याला नीट पोचवणे, हा तिचा गाभा आहे. निरोप चुकला तर काय होते, हे खेड्यात राहणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको.

प्रथम आपल्या मराठीकडे पाहू. “बाबा म्हणाले, मी उद्या येतो,” असे मुलगा शेजारच्या काकूंना सांगतो. यातला ‘मी’ कोण? मुलगा की बाबा? काकूंना शंका येत नाही. ‘मी’ म्हणजे बाबा. आता याच वाक्यात ‘की’ घाला. “बाबा म्हणाले की मी उद्या येतो.” तरीही ‘मी’ म्हणजे बाबाच. म्हणजे मराठीत आपण बोलणाऱ्याचे शब्द बहुधा जसेच्या तसे उचलतो आणि त्यांच्या पुढे किंवा मागे ‘म्हणाला’, ‘असे’, ‘म्हणून’ यांपैकी एखादा शब्द ठेवतो. “येतो म्हणून सांगून गेला,” हे आपले रोजचे बोलणे. संस्कृतात हेच काम ‘इति’ हा शब्द करतो. बोलणे संपले की ‘इति’. जुन्या मोडी कागदांत अवतरणचिन्हे नव्हती. ‘ऐसे बोलिले’, ‘म्हणोन’ असे शब्द आले की वाचणाऱ्याने ओळखावे, बोलणे इथे संपले. विरामचिन्हे मराठी छापण्यात रुळली ती एकोणिसाव्या शतकात, आणि त्या कामाचे बरेचसे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते.

शिवाय मराठीजवळ आणखी एक सोयीचा शब्द आहे. तो म्हणजे ‘म्हणे’. “तलाठी बदलून चालले म्हणे.” कोण म्हणतो ते सांगायचे नाही, आणि आपण जामीनही राहायचे नाही.  इंग्रजीत यासाठी पुष्कळदा ‘इट इज सेड दॅट’ किंवा ‘पीपल से दॅट’ असा पुरा वळसा घेतात.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजीत दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांपासून स्पष्ट वेगळे आहेत. पहिला प्रत्यक्ष कथनाचा. बोलणाऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत, कानामात्रेचा फरक न करता. दुसरा अप्रत्यक्ष कथनाचा. इथे सांगणारा स्वतःच्या जागेवर उभा राहून, स्वतःच्या शब्दांत, दुसऱ्याच्या बोलण्याचा मतलब सांगतो. या दुसऱ्या मार्गाचे जेवढे म्हणून नियम पुस्तकात दिलेले असतात, ते सगळे ‘स्वतःच्या जागेवर उभा राहून’ या चार शब्दांतून निघतात.

हे समजायला नदीकाठचे उदाहरण घ्या. तुम्ही अलीकडच्या काठाला आहात. पलीकडच्या काठावरचा गुराखी ओरडून सांगतो, “माझी म्हैस अलीकडेच आहे!” त्याचे ‘अलीकडे’ म्हणजे तुमचे ‘पलीकडे’. तुम्ही घरी जाऊन सांगताना “त्याची म्हैस पलीकडच्या काठाला आहे” असेच सांगाल. ‘माझी’चे ‘त्याची’ झाले, ‘अलीकडे’चे ‘पलीकडे’ झाले. म्हैस जागची हलली नाही, हकीकतही बदलली नाही. सांगणारा बदलला म्हणून शब्द बदलले. इंग्रजीतले अप्रत्यक्ष कथन ते हेच. मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा: बोलणारा कोण व ऐकणारा कोण? बोलणे केव्हा झाले? आणि कुठे झाले?

पहिला प्रश्न माणसांचा. “गणू सेड टु मी, ‘आय विल रिटर्न युवर बुक.’” आता हे मी सांगतो आहे. गणूचा ‘आय’ माझ्या तोंडी ‘ही’ होतो. गणूने मला उद्देशून म्हटलेले ‘युवर’ माझ्या तोंडी ‘माय’ होते. म्हणून “गणू टोल्ड मी दॅट ही वुड रिटर्न माय बुक.” पुष्कळ मुले मराठीच्या सवयीने “गणू टोल्ड मी दॅट आय विल रिटर्न युवर बुक” असे लिहितात. मराठीत ते चालले असते. इंग्रजीत मात्र पुस्तक परत करण्याची जबाबदारी गणूवरून उतरून सांगणाऱ्याच्या डोक्यावर येऊन बसते!

ही चेष्टेची गोष्ट नव्हे. “तो म्हणाला की मी पैसे देणे लागतो,” हे मराठी वाक्य कागदावर वाचून पाहा. देणे कोणाकडे आहे? बोलण्यात आवाजावरून कळेल, कागदावर कळणार नाही. इंग्रजीत “ही सेड दॅट ही ओव्ड द मनी” म्हटले तर देणे त्याच्याकडे, “ही सेड दॅट आय ओव्ड द मनी” म्हटले तर देणे माझ्याकडे. एका सर्वनामाने ऋणको बदलतो. आणि इंग्रजीलाही स्वतःची अडचण आहे. “गणू टोल्ड बाळू दॅट ही वॉज राँग.” चूक कोणाची, गणूची की बाळूची? दोघेही ‘ही’. अशा वेळी नाव पुन्हा घालावे किंवा वाक्य फिरवून लिहावे. शंका राहू देऊन नियम पाळण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. येथे क्रियापदाचा काळ येतो, आणि येथेच मुले घाबरतात. सांगणाऱ्याचे क्रियापद ‘सेज’ असे वर्तमानकाळी असेल, तर आतल्या क्रियापदाचा काळ बदलत नाही. “ही सेज दॅट ही इज इल.” पण ‘सेड’ असे भूतकाळी असेल, तर आतले क्रियापद साधारणतः एक पायरी मागे जाते. ‘इज’चे ‘वॉज’, ‘राइट्स’चे ‘रोट’, ‘इज रायटिंग’चे ‘वॉज रायटिंग’. ‘हॅज रिटन’ आणि ‘रोट’ या दोहोंचेही ‘हॅड रिटन’. ‘विल’चे ‘वुड’, ‘कॅन’चे ‘कुड’, ‘मे’चे ‘माइट’. जे आधीच तळाच्या पायरीवर आहे ते तिथेच राहते. ‘हॅड रिटन’, ‘वुड’, ‘कुड’, ‘शुड’ यांना आणखी मागे जायला जागा नाही. ‘मस्ट’चे ‘हॅड टु’ करतात किंवा ‘मस्ट’ तसेच ठेवतात.

पण पायरी मागे का जायची? सोमवारी गणू म्हणाला, “आय ॲम इल.” गुरुवारी मी सांगतो, “गणू सेड दॅट ही वॉज इल.” गुरुवारी तो आजारी आहे की खडखडीत बरा झाला, याविषयी मी काहीच म्हणत नाही. त्याचे सोमवारचे बोलणे मी सोमवारीच ठेवले. मी “ही सेड दॅट ही इज इल” म्हटले, तर तो अजूनही आजारी आहे, असे ऐकणारा समजेल. म्हणून जे सदासर्वदा खरे, ते मागे नेण्याचे कारण नाही. “द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन.” पृथ्वी कालही फिरत होती, आजही फिरते. त्याचप्रमाणे “ही सेड दॅट हिज व्हिलेज इज ऑन द गोदावरी” हेही इंग्रज माणूस खुशाल म्हणतो, कारण गाव अजून तिथेच आहे. परीक्षेत मात्र अशा वाक्यात ‘वॉज’ लिहिलेले बहुधा अपेक्षित असते. शिक्षकांनी दोन्ही रूपे दाखवावीत, आणि परीक्षेत कोणते लिहायचे तेही सांगावे. मुलाला दोन्ही ठाऊक असले म्हणजे गोंधळ होत नाही.

वेळेबरोबर वेळ दाखवणारे शब्द येतात. ‘टुडे’चे ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘यस्टर्डे’चे ‘द प्रीव्हियस डे’, ‘नाऊ’चे ‘देन’, ‘अगो’चे ‘बिफोर’. ही यादी मुले घोकतात, आणि घोकल्यामुळेच चुकतात. समजा, मंगळवारी गुरांचे डॉक्टर म्हणाले, “आय शॅल कम टुमॉरो अँड सी द काऊ.” तुम्ही मंगळवारीच संध्याकाळी घरी हे सांगत असाल, तर ‘टुमॉरो’ तसेच ठेवायला हरकत नाही, तुमचा उद्या आणि त्यांचा उद्या एकच. पण तुम्ही गुरुवारी भावाला पत्रात लिहीत असाल, तर ‘टुमॉरो’ म्हणजे शुक्रवार होईल. भाऊ शुक्रवारी डॉक्टरांची वाट पाहत बसेल आणि डॉक्टर तर बुधवारीच येऊन गेलेले असतील. म्हणून ‘द नेक्स्ट डे’, किंवा सरळ ‘ऑन वेन्सडे’. यादीपेक्षा कॅलेंडरकडे पाहणे बरे.

तिसरा प्रश्न जागेचा. ‘हिअर’चे ‘देअर’, ‘धिस’चे ‘दॅट’, आणि पुष्कळदा ‘कम’चे ‘गो’. सगळे नदीच्या काठाप्रमाणे. सांगणारा त्याच जागी उभा असेल तर ‘हिअर’ हे ‘हिअर’च राहील. शाळेच्या आवारात गुरुजी म्हणाले “प्ले हिअर”, आणि त्याच आवारात उभा राहून मुलगा ते दुसऱ्याला सांगतो, तर ‘देअर’ कशाला?

आता प्रश्नवाक्ये. “ही सेड टु मी, ‘व्हेअर डू यू लिव्ह?’” याचे “ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.” तीन गोष्टी झाल्या. ‘सेड टु’चे ‘आस्क्ड’ झाले, ‘डू’ गेले आणि शब्दांचा क्रम साध्या विधानासारखा झाला, प्रश्नचिन्ह गेले. आपली मुले येथे हमखास “ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय लिव्ह्ड” असे लिहितात. हा ‘दॅट’ येतो कुठून? तो आपल्या ‘की’मधून येतो. “त्याने मला विचारले की तू कुठे राहतोस,” हे मराठीत ठीक. इंग्रजीत ‘व्हेअर’, ‘व्हॉट’, ‘व्हाय’, ‘व्हेन’ हे शब्दच सांधा जोडतात. त्यांच्या आधी ‘दॅट’ लागत नाही. चूक कुठून आली हे मुलाला दाखवले की ती पुन्हा होण्याचे प्रमाण कमी होते. नुसती तांबडी रेघ मारून ते होत नाही.

ज्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच, तिथे ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. “शी सेड टु हिम, ‘हॅव यू ईटन?’” याचे “शी आस्क्ड हिम इफ ही हॅड ईटन.” त्याचप्रमाणे ‘सेड’ आणि ‘टोल्ड’ यांची गल्लत. “मला म्हणाला” या मराठीवरून “ही सेड मी” असे लिहिले जाते. ‘टोल्ड’ला ऐकणारा लगेच पाहिजे: ‘टोल्ड मी’. ‘सेड’ला तो नको, आणायचाच तर मध्ये ‘टु’ पाहिजे.

आज्ञा आणि विनंती यांच्याकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. “सिट डाऊन” या दोन शब्दांचे अप्रत्यक्ष कथन ‘टु सिट डाऊन’ एवढे होते. नकार असेल तर ‘नॉट टु सिट डाऊन’. पण त्याच्या आधी काय घालायचे? ‘टोल्ड’, ‘ऑर्डर्ड’, ‘रिक्वेस्टेड’, ‘अॅडव्हाइज्ड’, ‘वॉर्न्ड’, की ‘बेग्ड’? मराठीत ‘बस’, ‘बसा’, ‘बसावे’ या तीन रूपांतच मान, जवळीक आणि अंतर येऊन जाते. इंग्रजीत ‘यू’ एकच. ‘तू’ही तेच आणि ‘आपण’ही तेच. मूळ मराठीतला हा मान इंग्रजीत राखायचा तर तो निवेदनाच्या क्रियापदात आणावा लागतो. फौजदार म्हणाले “बस”, तर ‘ऑर्डर्ड’. घरधनी पाहुण्याला म्हणाले “बसा ना”, तर ‘रिक्वेस्टेड’. आजी नातवाला म्हणाली “उन्हात हिंडू नको रे”, तर ‘अॅडव्हाइज्ड’ किंवा ‘वॉर्न्ड’. येथे मुलाने वाक्यामागचा माणूस ओळखायचा असतो. विनंतीला हुकूम म्हटले तर बोलणाऱ्यावर अन्याय होतो, आणि हुकमाला विनंती म्हटले तर ऐकणाऱ्यावर.

उद्गारवाक्यांचे सांगायचे तर ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय’, ‘एक्स्क्लेम्ड विथ सॉरो’ हे ठरीव साचे शाळेत शिकवतात. परीक्षेपुरते ते ठीक आहेत. पण “अरेरे!”, “शाबास!” यांची गोडी अप्रत्यक्ष कथनात उतरत नाही. ज्या बोलण्याचा जीव त्याच्या नेमक्या शब्दांत आहे, ते अवतरणचिन्हांतच ठेवणे चांगले.

आता तुम्ही विचाराल, शेती करणाऱ्याने किंवा दुकान चालवणाऱ्याने याचा कशाला विचार करावा? त्याला उत्तर आहे. ग्रामसभेचे इतिवृत्त पाहा. कोण काय म्हणाले ते लिहिणारा स्वतःच्या शब्दांत लिहितो. “अमुक सदस्यांनी रस्त्याचे काम थांबवण्यास सांगितले” आणि “काम थांबवावे काय, असे विचारले” यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. प्रश्नाची आज्ञा झाली तर उद्या त्या सदस्याला जाब द्यावा लागेल.

न्यायालयात तर याहून अधिक. ऐकीव गोष्ट सामान्यतः पुरावा म्हणून चालत नाही, ज्याने स्वतः पाहिले किंवा ऐकले त्यानेच सांगावे, हे तत्त्व 1872 च्या भारतीय पुरावा कायद्यात होते. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 आला, त्यातही ते कायम आहे. त्याला अपवाद आहेत. मृत्युपूर्व जबानी हा त्यांतला एक. आणि ती जबानी शक्यतो त्या माणसाच्याच शब्दांत लिहावी असे मानतात, कारण तो माणूस पुन्हा येऊन “मला असे म्हणायचे नव्हते” असे सांगू शकत नाही. एरवी साक्षीदार मराठीत बोलतो, त्याचे बोलणे बहुधा सलग कथनाच्या रूपात उतरवले जाते, आणि उच्च न्यायालयात कागद गेला की त्याचे इंग्रजी होते. या प्रवासात एखाद्या ‘मी’चा ‘तो’ करायचा राहिला किंवा भलत्याच ‘मी’चा ‘तो’ झाला, तर एखाद्याचे शेत, एखाद्याची अब्रू पणाला लागते. तो कागद लिहिणारा किंवा भाषांतर करणारा कधीतरी आपल्याच शाळेच्या बाकावर बसलेला असतो.

शिक्षकांसाठी एक सोपी रीत सांगतो. फळ्यावर नियमांची यादी लिहून सुरुवात करू नका. तीन मुले उभी करा. पहिल्याने दुसऱ्याच्या कानात एक इंग्रजी वाक्य सांगावे, उदाहरणार्थ “आय हॅव लॉस्ट माय पेन.” दुसऱ्याने चार पावले चालून तिसऱ्याला ते सांगावे. तो “आय हॅव लॉस्ट माय पेन” असे म्हणाला, की वर्गाला विचारा, “पेन कोणाचे हरवले?” मुले हसतील, आणि ‘ही हॅड लॉस्ट हिज पेन’ हे त्यांच्याच तोंडून येईल. मग एक दिवस मध्ये जाऊ द्या आणि ‘टुमॉरो’ असलेला निरोप दुसऱ्या दिवशी सांगायला लावा. मग एक मुलगा वर्गात आणि एक मैदानात उभा करून ‘हिअर’ असलेला निरोप पाठवा. तीन दिवसांत माणूस, वेळ, जागा तिन्ही होतील. नियमांची यादी चौथ्या दिवशी फळ्यावर लिहा. तोवर मुलांनी ती स्वतःच बनवलेली असेल.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्यामुळे मुलांच्या कानावर इंग्रजी शब्द लवकर पडतात. पण घरात इंग्रजी बोलणारे कोणी नसते, तिथे वाक्याची घडण मराठीच राहते. ती लाज वाटण्याची गोष्ट नाही. मराठी असे सांगते, इंग्रजी असे सांगते, हे शेजारी शेजारी मांडून दाखवावे. दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 मध्ये आले. आपल्या भाषेचा इतका बारकाईने विचार आपल्याकडे झालेला आहे. ज्या मुलाला आपल्या ‘की’चे आणि ‘म्हणून’चे काम समजले, त्याला इंग्रजीच्या ‘दॅट’चे काम समजायला वेळ लागत नाही.

रेडिओवर बोलताना एक गोष्ट नेहमी ध्यानात ठेवावी लागते, की अवतरणचिन्हे कानाला ऐकू येत नाहीत. म्हणून बातम्या सांगताना “असे ते म्हणाले”, “असे त्यांनी सांगितले” हे पुन्हा पुन्हा म्हणावे लागते. ते कानाला थोडे कंटाळवाणे वाटेल, पण त्यामुळे कोणाचे बोलणे कोणाच्या पदरात घालायचे ते ऐकणाऱ्याला कळते. व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर पुढे पाठवताना आपण हीच काळजी घेतो का, हे ज्याने त्याने पाहावे.

जाता जाता एक वाक्य देतो, घरी करून पाहा. “द सरपंच सेड टु द टीचर, ‘कॅन यू कम हिअर टुमॉरो?’” हे बोलणे पंचायतीच्या कचेरीत झाले, आणि तुम्ही आठ दिवसांनी, आपल्या घरी बसून सांगत आहात. उत्तर असे येईल: “द सरपंच आस्क्ड द टीचर इफ ही कुड गो देअर द नेक्स्ट डे.” शिक्षिका असतील तर ‘ही’च्या जागी ‘शी’. आणि तुम्हीच ते शिक्षक असाल तर? मग वाक्य कसे होईल, ते आपल्या वर्गातल्या मुलांनाच विचारा.